व्यापारी गटातून बाहेर पडलं की देशाचं भलं होतं का?

अर्धविराम

२९ जानेवारी २०२५ ला माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीन देश पश्चिम आफ्रिकेतल्या 'इकोवास' या गटातून रीतसर बाहेर पडले. त्याआधी जवळजवळ पाच वर्षं, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपीय संघातून निघालं होतं. एकीकडे लष्करी राजवटी, दुसरीकडे सार्वमत. पण दोघांच्या तोंडी वाक्य एकच, आमचे निर्णय आम्ही घेणार.

शेजाऱ्यांच्या व्यापारी गटातून बाहेर पडल्याने अर्थव्यवस्था सुधारते का? आणि समजा नाही सुधारली, तरी सार्वभौमत्वासाठी तेवढी किंमत मोजावी का?

माझं मत बाहेर पडण्याच्या बाजूला झुकतं. कोणत्या मालावर किती आयातशुल्क लावायचं हे ठरवणं सरकारच्या अगदी मूळच्या कामांपैकी एक. ते काम इतर दोन डझन देशांबरोबर बसून करायचं ठरलं, की मतदारांनी आपल्या सरकारला जाब विचारायचा तरी कशाचा? नफातोट्याचा हिशेब पाच वर्षांत होत नाही, त्याला पिढी जाते.

नुसतं 'ब्रेक्झिट फसलं' एवढं लिहून जाऊ नका ही विनंती. कसं फसलं, कुठे फसलं ते लिहा.

तिरकीट

ब्रेक्झिट फसलं.

(बाकीचं सविस्तर लिहिणारे येतीलच, मी जागा धरून ठेवतो.)

जकातनाका

माझं पोट याच कागदांवर चालतं, तेव्हा थोडी लांबण लावतो.

ब्रिटन आणि युरोपीय संघाचा करार २४ डिसेंबर २०२० ला झाला. 'शून्य शुल्क, शून्य कोटा' अशी त्याची जाहिरात होती आणि ती खोटी नव्हती. फक्त ते शून्य शुल्क ब्रिटनमध्ये किंवा युरोपात तयार झालेल्या मालाला आहे. माल मूळचा कुठला हे सिद्ध करावं लागतं, आणि खरी मेख तिथे आहे.

आमच्या एका ग्राहकाचे तयार कपडे भारतातून इंग्लंडच्या गोदामात उतरायचे आणि तिथून आयर्लंडसकट चार देशांत जायचे. २०२१ च्या आधी एकदा शुल्क भरलं की काम संपलं. नंतर काय झालं? इंग्लंडमध्ये शुल्क भरलं, तोच खोका आयर्लंडला निघाला की पुन्हा युरोपचं शुल्क. कारण कपडा ब्रिटिश नाही, नुसता ब्रिटनच्या जमिनीवर काही दिवस ठेवलेला आहे. शेवटी त्यांनी युरोपचा माल वेगळ्या कंटेनरने थेट रॉटरडॅमला उतरवायला सुरुवात केली. इंग्लंडमधलं गोदाम लहान झालं, तिथली काही माणसं कमी झाली. हे कुठल्याही सरकारी आकडेवारीत 'ब्रेक्झिटमुळे' म्हणून नोंदलं जात नाही.

खाण्याच्या मालाचं आणखी अवघड. मांस किंवा चीज पाठवायचं तर पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एका ट्रकमध्ये दहा जणांचा माल भरलेला असतो, त्यातल्या एकाचा कागद चुकला की अख्खा ट्रक उभा. मोठ्या कंपन्यांनी माणसं नेमली आणि निभावलं. छोट्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं.

आता गंमत बघा. युरोपने ब्रिटिश मालाची तपासणी १ जानेवारी २०२१ लाच सुरू केली. ब्रिटनने मात्र युरोपातून येणाऱ्या अन्नमालाची प्रत्यक्ष तपासणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, ती सुरू झाली ३० एप्रिल २०२४ ला. सीमेवर ताबा मिळवायला निघालेला देश तीन वर्षं एका बाजूने सीमा सताड उघडी ठेवून बसला होता. तयारी झालेली नव्हती, त्यात आयात महाग होईल ही धास्ती. अर्धविराम, शुल्क ठरवण्याचा हक्क मिळाला हे मान्य. पण नाक्यावर उभा राहणारा माणूस आधी लागतो.

चष्मिष्ट

म्हणजे एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या धाकट्यासारखं. वेगळी चूल मांडली खरी, पण दळण अजून थोरल्याच्या जात्यावर.

खडूफळा

चष्मिष्ट, कुटुंबाची उपमा इथे थांबवू या, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद सासू-सुनेवर जातील.

आधी एक घोळ निस्तरतो. 'व्यापारी गट' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली मुक्त व्यापार क्षेत्र. सभासद एकमेकांवर शुल्क लावत नाहीत, बाहेरच्यांसाठी ज्याचे त्याचे दर. दुसरी कस्टम्स युनियन. बाहेरच्या जगासाठीही सगळ्यांचा दर एकच, म्हणून स्वतंत्र करार करता येत नाही. तिसरी एकल बाजारपेठ. त्यात मालाचे निकष, परवाने, सेवा, माणसांची ये-जा सगळं एका नियमाखाली.

धागाकर्त्यांचा मुद्दा, म्हणजे शुल्क ठरवण्याचा हक्क, फक्त दुसऱ्या प्रकारात जातो. पहिल्या प्रकारात तो तुमच्याकडेच असतो. तिसऱ्या प्रकारात बरंच जास्त जातं आणि बरंच जास्त मिळतं. नॉर्वे कस्टम्स युनियनमध्ये नाही, पण एकल बाजारपेठेत आहे. तिथे युरोपचे नियम लागू होतात, पण मत देताना नॉर्वेची खुर्ची नसते. तुर्कस्तान उलट बाजूला. १९९६ पासून औद्योगिक मालासाठी कस्टम्स युनियनमध्ये, बाजारपेठेच्या बाहेर.

म्हणून 'बाहेर पडून फायदा होतो का' या प्रश्नाला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा कशातून बाहेर आणि कुठे जायला बाहेर हे सांगितलं जातं.

पाणकोंबडा

अर्धविराम, तुमच्या बाजूचं भक्कम उदाहरण देतो. चिली.

१९६९ मध्ये बोलिव्हिया, चिली, कोलंबिया, इक्वेडोर आणि पेरू यांनी कार्ताहेना करार करून आंदियन गट काढला. त्यांचा 'निर्णय क्रमांक २४' म्हणून एक नियम होता, परकीय गुंतवणुकीवर आणि बाहेर नेल्या जाणाऱ्या नफ्यावर बंधनं घालणारा. बाहेरच्या मालासाठी भिंतही उंच ठेवायची होती. चिलीला हे दोन्ही नको होतं. १९७६ मध्ये चिली बाहेर पडला, १९७९ पर्यंत आयातशुल्क सरसकट १० टक्क्यांवर आणलं. पुढे अमेरिका, युरोप, चीन, जपान, जो भेटेल त्याच्याशी करार. गटात राहिला असता तर हे जमलं नसतं.

शेवटचा बाक

पाणकोंबडा, गोष्ट अर्धीच सांगितलीत. १९८२ मध्ये चिलीत बँका कोसळल्या, बेकारी भडकली आणि आयातशुल्क परत वाढवावं लागलं, १९८४ मध्ये ३५ टक्के. एकसारखा ६ टक्क्यांचा दर यायला २००३ उजाडलं.

आणि सार्वभौमत्वाचं म्हणाल तर १९७६ मध्ये निर्णय घेणारे लष्करी हुकूमशहा पिनोचे होते. लोकांना कोणी विचारलं होतं?

पाणकोंबडा

८२ च्या पडझडीचं कारण गट सोडणं नव्हतं. पेसो डॉलरला बांधून ठेवला होता, बँकांनी परकीय कर्ज बेसुमार उचललं होतं आणि अमेरिकेत व्याजदर चढले होते. आणि नंतर लोकशाही आली तेव्हा निवडून आलेल्या सरकारांनी तेच खुलं धोरण पुढे नेलं. १९९६ मध्ये मेर्कोसुर या दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या व्यापारी गटाचे सहयोगी सभासद झाले, पूर्ण सभासद नाही. कारण तेच, मेर्कोसुरचं सामायिक शुल्क चिलीपेक्षा जास्त.

उलटतपासणी

सगळे एकाच सुरात गाताना दिसतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था, ओबीआर, हिचा अंदाज सगळे फेकतात, उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी. तो दीर्घ पल्ल्याचा अंदाज आहे, संघात राहिलो असतो तर जी पातळी असती तिच्याशी तुलना करून काढलेला. 'राहिलो असतो तर' हे जग कोणी पाहिलंय? मधे कोविड झाला, युक्रेनचं युद्ध झालं, गॅसचे भाव आकाशाला भिडले. गटाच्या मधोमध बसलेल्या जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ मध्येही आकसली आणि २०२४ मध्येही. तिथे कोणतं एक्झिट झालं होतं?

दुसरं, एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी शुल्काचा तक्ता दाखवला तेव्हा ब्रिटनसमोर १० टक्के होते, युरोपीय संघासमोर २०. युरोपने वाटाघाटी करून ते १५ वर आणले. एकटं असण्याचा फायदा झाला की नाही?

तिसरं, भारताबरोबरचा करार २४ जुलै २०२५ ला झाला. युरोपीय संघात असताना ब्रिटनला हे एकट्याने करताच आलं नसतं.

चौथं, कायदे. पिकांच्या जनुक-संपादनाला मोकळीक देणारा २०२३ चा कायदा. कत्तलीसाठी जिवंत जनावरं निर्यात करण्यावर २०२४ मध्ये बंदी. खासगी शाळांच्या फीवर जानेवारी २०२५ पासून व्हॅट, युरोपच्या नियमात शिक्षणाला व्हॅटमधून सूट द्यावी लागते. हे निर्णय तुम्हाला पटोत न पटोत, ते तिथल्या संसदेने घेतले आणि तिथलाच मतदार ते फिरवू शकतो. अर्धविराम म्हणतायत ते जाब विचारणं हेच.

सांजसावली

उलटतपासणी, चौथा मुद्दा आवडला. चर्चा एरवी पैशांत अडकते, कायद्यांवर कोणी बोलतच नाही.

मीठमिरची

लस विसरलात की! २ डिसेंबर २०२० ला फायझरच्या लशीला मान्यता देणारा ब्रिटन पाश्चात्त्य जगात पहिला. युरोप नंतर आठवडे घालवत बसला.

खडूफळा

मीठमिरची, २ डिसेंबर २०२० ला ब्रिटन अजून संक्रमणकाळात होतं, युरोपचे कायदे ३१ डिसेंबरपर्यंत लागू होते. आणीबाणीत देशापुरती तात्पुरती मान्यता देण्याची मुभा त्याच युरोपीय कायद्यात होती. तिचा वापर ब्रिटनने केला, इतरांनी एकत्र थांबायचं ठरवलं. फार तर असं म्हणा, की बाहेर पडायच्या मन:स्थितीतल्या देशाने ती मुभा बिनधास्त वापरली.

उलटतपासणी, तुमच्या चारही मुद्द्यांतलं तथ्य मान्य. आता वजन बघू. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारातून ब्रिटनचं सकल उत्पन्न दीर्घकाळात ०.०८ टक्क्यांनी वाढेल, असा खुद्द ब्रिटिश सरकारचाच अंदाज होता. भारताच्या करारातून दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड, हाही सरकारचाच अंदाज, म्हणजे साधारण ०.१३ टक्के. ओबीआरचा आकडा चुकला असं धरा, अर्धाच घ्या, २ टक्के. तरी हे सगळे करार मिळून ती खाच भरत नाहीत.

याला कारण आहे अंतर. दोन देश जितके मोठे आणि जितके जवळ तितका व्यापार जास्त, ही अर्थशास्त्रातली सगळ्यात टिकाऊ निरीक्षणांपैकी एक आहे. ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून जास्त निर्यात अजूनही युरोपलाच जाते. गट सोडता येतो, खाडी ओलांडून देश दुसरीकडे नेता येत नाही.

तिरकीट

रच्याकने, भारताच्या करारात स्कॉचवरचं शुल्क १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्के होणार आहे. सार्वभौमत्वाचा इतका चविष्ट पुरावा समोर असताना तुम्ही लोक आलेख कसले काढताय?

चष्मिष्ट

+१. ब्रेक्झिट यशस्वी. धागा बंद करा.

दर्यावर्दी

करू नका, मासळी राहिली.

मासेमारीचा ब्रिटनच्या सकल उत्पन्नातला वाटा ०.१ टक्क्याच्याही खाली. तरी सार्वमताच्या प्रचारात मच्छीमारांच्या बोटी थेट थेम्स नदीत आल्या होत्या. 'आमचं पाणी, आमचे मासे' हे वाक्य कोणालाही पटकन समजतं. २०२० च्या करारात युरोपच्या कोट्यातला २५ टक्के हिस्सा टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे यायचा होता. पण पकडलेली मासळी विकायची कुठे? गिऱ्हाईक युरोपातच. २०२१ मध्ये 'ब' दर्जाच्या पाण्यातले, शुद्धीकरण न केलेले जिवंत कालव आणि शिंपले घ्यायला युरोपने नकार दिला. बाहेरच्या देशाला लागू असलेला नियमच त्यांनी लावला. माल टिकतो काही तास, कागद तयार व्हायला लागतात त्याहून जास्त. आणि मे २०२५ च्या समझोत्यात युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत प्रवेश दिला गेला. ज्या पाण्यासाठी एवढी घोषणाबाजी झाली तेच सौद्यात गेलं.

याउलट ग्रीनलंड बघा. डेन्मार्कबरोबर १९७३ मध्ये त्यांना युरोपीय समुदायात जावं लागलं, तिथल्या बहुसंख्य लोकांनी विरोधात मत दिलं होतं तरी. १९७९ मध्ये स्वराज्य मिळालं, १९८२ मध्ये सार्वमत झालं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला ते बाहेर पडले. कारण मासळीच. पण निघताना त्यांनी दोन गोष्टी हातात ठेवल्या. युरोपच्या बोटींना मासेमारीची परवानगी हवी तर युरोपने पैसे मोजायचे, आणि ग्रीनलंडची मासळी युरोपात शुल्काशिवाय जायची. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, पण जे हवं होतं ते नेमकं मागितलं आणि मिळवलं. अर्थात डेन्मार्ककडून येणारं वार्षिक अनुदान चालू होतं, ते विसरून चालणार नाही.

अर्धविराम

दर्यावर्दी, ग्रीनलंडचं हे ठाऊक नव्हतं, आभार. म्हणजे बाहेर पडून भलं होऊ शकतं, एवढं तरी सिद्ध झालं.

शेवटचा बाक

ज्याच्याकडे समोरच्याला हवी असलेली एक वस्तू आहे आणि पाठीशी तिसऱ्याचा पैसा आहे त्याचं होऊ शकतं, एवढं सिद्ध झालं.

सांजसावली

सार्वभौमत्वावर इतकं लिहिलं गेलं आणि उत्तर आयर्लंडचं नाव कुणी काढलं नाही?

आयर्लंड बेटावर पुन्हा तपासणी नाके उभे करायचे नाहीत, हे १९९८ च्या शांतता करारानंतर सगळ्यांनाच हवं होतं. मग युरोपची सीमा काढायची कुठे? ती समुद्रात काढली. उत्तर आयर्लंड मालापुरतं युरोपच्या एकल बाजारपेठेत राहिलं, आणि ब्रिटनमधून ब्रिटनमध्येच जाणाऱ्या मालाला कागद लागू लागले. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ते कमी केले, संपले नाहीत. बेलफास्टच्या विधानसभेचं कामकाज याच वादात फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं ठप्प होतं.

देशाचा एक भाग अशा कायद्यांखाली आहे जे देशाची संसद करत नाही. लंडनला मिळालेल्या सार्वभौमत्वाची किंमत बेलफास्टने दिली.

उलटतपासणी

उत्तर आयर्लंडला दोन्ही बाजारपेठा खुल्या आहेत, हा फायदा तिथले बरेच व्यापारी मान्य करतात. पण घटनात्मक मुद्दा म्हणून तुमचं बरोबर आहे, माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

मीठमिरची

आणि स्थलांतर? मत तर लोकांनी त्यासाठी दिलं होतं.

जकातनाका

मीठमिरची, तिथे तर उलटंच घडलं. युरोपातून येणारे कमी झाले, बाकी जगातून येणारे वाढले. २०२३ च्या सुमारास निव्वळ स्थलांतर वर्षाला नऊ लाखांच्या वर गेलं, मग नियम कडक केल्यावर झपाट्याने उतरलं. ताबा मिळाला होता, सरकारने तो वापरून दार आणखी उघडलं. दवाखान्यांना आणि वृद्धांच्या सेवेला माणसं हवी होती, विद्यापीठांना फी हवी होती.

उलटतपासणी

आणि जुलै २०२४ च्या निवडणुकीत ते सरकार चालवणाऱ्या हुजूर पक्षाच्या १२१ जागा राहिल्या. आता 'ब्रसेल्सने सांगितलं म्हणून केलं' अशी सबब नव्हती. म्हणून मी जाब विचारण्याच्या मुद्द्याला आकड्यांपेक्षा जास्त किंमत देतो.

खडूफळा

हा युक्तिवाद मला इथे आत्तापर्यंतचा सगळ्यात दमदार वाटला. सबब काढून घेतली जाणं ही खरी कमाई आहे, पैशात न मोजता येणारी.

बिनपाण्याची विहीर

तुम्ही सगळे श्रीमंतांच्या घटस्फोटात रमलाय. धागा सुरू झाला होता माली-नायजरपासून.

जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. इकोवासने निर्बंध लावले, सीमा बंद केल्या, नायजेरियाने वीज तोडली. नायजरची बरीचशी वीज तिकडूनच यायची. देशाला समुद्रकिनारा नाही, माल बेनिनच्या कोतोनू बंदरातून येतो, तो रस्ताही बंद. औषधं आणि धान्य अडकलं. ज्या गटाचे तुम्ही सभासद आहात तोच तुमच्या नाड्या आवळू शकतो, हे लोकांनी अनुभवलं. त्यामुळे बाहेर पडण्याच्या घोषणेला रस्त्यावर पाठिंबा मिळाला यात नवल नाही. इथे कोणी सकल उत्पन्नाचे अंदाज काढत बसलं नव्हतं.

पण बाहेर पडल्यावर बंदर थोडंच आपोआप मिळतं. कोतोनू, लोमे, आबिजान, डाकार, सगळी बंदरं गटात राहिलेल्यांकडे. म्हणूनच दोन्ही बाजूंनी नरमाईचं चाललंय. इकोवासने सभासदांना सांगितलं, पुढची सूचना येईपर्यंत या तिघांचे पासपोर्ट आणि माल पूर्वीसारखेच चालू द्या. कागदावर फारकत, ट्रक चालू.

जकातनाका

समुद्र नसलेल्या देशाचं सार्वभौमत्व शेजाऱ्याच्या बंदरातल्या क्रेनवर लटकलेलं असतं. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

शेवटचा बाक

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर पूर्व आफ्रिका बघा. केनिया, युगांडा, टांझानिया यांचा १९६७ चा समुदाय १९७७ मध्ये कोसळला. यांची रेल्वे एक, बंदरांचा कारभार एक, विमान कंपनीसुद्धा एक! कारखाने केनियाकडे जास्त, म्हणून फायदाही तिकडे जास्त, ही तक्रार होती. त्यात युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांचं हाडवैर. टांझानियाने केनियाची सीमा बंद केली, ती १९८३ पर्यंत. मालमत्तेची वाटणी व्हायला १९८४ उजाडलं. आणि मग त्याच तिघांनी १९९९ मध्ये नव्या कराराव्दारे तोच समुदाय पुन्हा उभा केला.

यात आर्थिक धडा असा दिसतो, की गट मोडतो तो नियम जाचक असतात म्हणून कमी आणि फायदा एकाच्याच अंगणात पडतो म्हणून जास्त. ब्रिटनमध्येही तेच, इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातल्या मतदाराला लंडनच्या वित्तसेवांचा काय उपयोग होता?

पाणकोंबडा

क्या बात! लिंकनशायरमधल्या बोस्टनने तर ७५ टक्क्यांच्या वर बाहेर पडण्याला मत दिलं होतं.

अवांतर: व्हेनेझुएलाही बघण्यासारखा. कोलंबिया आणि पेरूने अमेरिकेशी करार केला म्हणून व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ २००६ मध्ये आंदियन गटातून निघाले. कारण चिलीच्या अगदी उलट, गट फार खुला होतोय म्हणून. शेजारच्या कोलंबियाशी असलेला व्यापार पुढे कोसळला, त्यात राजकीय भांडणांचा वाटा मोठा होता. मग मेर्कोसुरमध्ये गेले, तिथून निलंबित झाले.

अर्धविराम

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण प्रश्न बदललाय.

चिलीने बंद गट सोडला, खुलेपणासाठी. ब्रिटनने मुळात खुली असलेली बाजारपेठ सोडली, आणखी खुलेपणासाठी असं सांगून. व्हेनेझुएलाने खुलेपणाला कंटाळून सोडला. तिघांना एकाच तागडीत घालता येत नाही. मग आर्थिक बाजू अशी मांडता येईल का, की गटाच्या आत किती व्यापार खरोखर होत होता यावर बाहेर पडण्याची किंमत ठरते? आत व्यापार थोडा आणि भिंत उंच असेल तर निघालेलं बरं. निम्मा व्यापार आतच असेल तर निघणं महाग.

सार्वभौमत्वाबद्दल मात्र मी ठाम आहे. उलटतपासणींनी दिलेले कायदे खरे आहेत.

खडूफळा

अर्धविराम, आर्थिक बाजू तुम्ही मांडलीत त्यात मी फक्त एक भर घालेन, ती म्हणजे तयारी. १९७३ पासून ब्रिटनचे व्यापार करार ब्रसेल्स करत होतं. २०१६ नंतर वाटाघाटी करणारी माणसंच घरात नव्हती. मुख्य सल्लागार म्हणून क्रॉफर्ड फाल्कनर यांना आणलं, ते न्यूझीलंडचे मुरलेले वाटाघाटीकार. हक्क परत आला तरी तो चालवायचं कसब एका दिवसात परत येत नाही. रसायनांची नोंदणी, मालावरचा सुरक्षाशिक्का, सगळं स्वतंत्र उभारायला घेतलं. त्यातला शिक्का उद्योगांनी मनावर घेतलाच नाही. २०२३ मध्ये सरकारने सांगून टाकलं, बहुतेक मालाला युरोपचा सीई शिक्का बेमुदत चालेल.

आणि जनुक-संपादनाचा कायदा लक्षात ठेवा. मे २०२५ च्या समझोत्यात ब्रिटनने अन्न आणि शेतमालाच्या बाबतीत युरोपचे नियम जसजसे बदलतील तसतसे स्वीकारायचं तत्त्वतः मान्य केलं. युरोपीय कायद्याच्या अर्थाबाबत शेवटचा शब्द युरोपीय न्यायालयाचा. जकातनाका यांनी सांगितलेली ती पशुवैद्यकाची सही टाळण्यासाठी.

उलटतपासणी

मान्य. पण तेही ब्रिटनच्या निवडून आलेल्या सरकारनेच ठरवलं, आणि पुढचं सरकार ते मोडू शकतं.

खडूफळा

मोडू शकतं. संघात असतानाही बाहेर पडायची मुभा देणारं कलम ५० होतंच.

तिरकीट

हाणला!

बिनपाण्याची विहीर

एक राहिलं. माली, बुर्किना फासो आणि नायजर इकोवासमधून निघाले, नवे पासपोर्ट काढले, मार्च २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्के संयुक्त करही लावला. पण पश्चिम आफ्रिकेच्या आठ देशांच्या चलनसंघातून निघालेले नाहीत. त्यांचा सीएफए फ्रँक अजून युरोला बांधलेला आहे, १ युरोला ६५५.९५७ या दराने.

अर्धविराम

मग सार्वभौमत्वाची एवढी हाक देणाऱ्यांनी चलन का नाही सोडलं?

बिनपाण्याची विहीर

सोडू असं बोलतात तर खरं. पण त्या चलनाखाली महागाई शेजारच्या नायजेरिया आणि घानापेक्षा बरीच आटोक्यात राहिलीय. शिवाय तो चलनसंघ कस्टम्स युनियनही आहे. तो सोडला तर कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) आणि सेनेगलचा शुल्कमुक्त रस्ता जाईल. इकोवास सोडणं परवडलं ते मागे हा दुसरा संघ शाबूत होता म्हणूनच.

जकातनाका

म्हणजे ज्या गटाने सीमा बंद केल्या तो सोडला, आणि माल ज्या गटातून येतो तो ठेवला. लष्करी असोत की काय, हिशेब पक्का आहे.